श्रीलंका: कोरड्या भागातली तळी, ओल्या भागातला चहा आणि २०२२ चं दिवाळं

आडवाट

दुसऱ्या एका धाग्यावर श्रीलंकेच्या २०२२ मधल्या दिवाळखोरीची (विदेशी कर्जफेड थांबली ती) चर्चा सारखी 'चीनचं कर्ज' इथेच येऊन अडते आहे, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. माझं म्हणणं एवढंच की या देशाचं अर्थकारण कळायला आधी त्याचा पावसाचा नकाशा बघावा लागतो. भात पिकतो एका भागात, डॉलर पिकतात दुसऱ्या भागात, आणि या दोन वह्यांचा मेळ घालताना तिथल्या प्रत्येक सरकारची दमछाक झालेली आहे.

क्षेत्रफळ ६५,६१० चौ. किमी, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश. लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आत. मध्यभागी, पण जरा दक्षिणेकडे सरकलेला डोंगराळ प्रदेश. पिदुरुतलागल हे सर्वांत उंच शिखर २,५२४ मीटर. नद्या इथून चहूबाजूंना उतरतात. सर्वांत लांब महावेली ३३५ किमी वाहून त्रिंकोमालीजवळ समुद्राला मिळते.

मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे या डोंगरांवर आदळतात आणि कोलंबो, कालुतर, रत्नपुर या नैर्ऋत्य कोपऱ्यात पाऊस ओततात. तिथे वर्षाला २,५०० मिमीच्या वर पाऊस. डोंगरापलीकडे तेव्हा नुसता कोरडा वारा. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरचा वळीव आणि डिसेंबर ते फेब्रुवारीचा ईशान्य मोसमी पाऊस उत्तर-पूर्वेला भिजवतो. तिथल्या शेतीचे हंगाम त्यावरूनच पडले: मोठा 'महा' आणि छोटा 'यल'. महाची पेरणी ऑक्टोबरच्या पावसावर, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. यल एप्रिल-मे ते ऑगस्ट, आणि कोरड्या भागात तो तळ्यात पाणी उरलं तरच.

'कोरडा पट्टा' या नावानं फसू नका. देशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग या पट्ट्यात येतो आणि तिथेही १,७५० मिमीपर्यंत पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या दुपटीहून जास्त. अडचण अशी की तो तीन-चार महिन्यांत पडून जातो, जमीन सपाट आहे, खाली कठीण खडक आहे, आणि उरलेले महिने ऊन पाणी उडवून नेतं. म्हणून तिथे राहायचं तर तळं बांधण्यावाचून गत्यंतर नाही. अनुराधपुर हे राज्य ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकापासून १०१७ मध्ये चोळांनी ते जिंकेपर्यंत टिकलं ते याच तळ्यांवर. त्यानंतर पोलोन्नरुव. तिथल्या पहिल्या पराक्रमबाहूचं (११५३–११८६) वाक्य आजही लंकेत सारखं सांगितलं जातं: पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्रात जाता कामा नये.

तेराव्या शतकानंतर सत्ता हळूहळू ओल्या नैर्ऋत्येकडे सरकली. पोर्तुगीज १५०५ मध्ये आले, १६५८ पर्यंत डचांनी त्यांना हुसकावलं, १७९६ मध्ये ब्रिटिश आले. या तिघांनाही रस होता तो ओल्या पट्ट्यातल्या मालात, आधी दालचिनी आणि पुढे मळ्यांची पिकं. कँडीचं डोंगरी राज्य तेवढं १८१५ पर्यंत तग धरून होतं. ते गेल्यावर डोंगर मोकळे झाले, १८४० च्या कायद्यानं मालकीचा कागद नसलेली जमीन सरकारजमा ठरली आणि कॉफीचे मळे उभे राहिले. १८६९ मध्ये पानांवर तांबेरा दिसला आणि पुढच्या वीसेक वर्षांत कॉफी संपली. चहा आला तो त्या मोकळ्या झालेल्या जागेवर. जेम्स टेलरनं लूलकंदुरा मळ्यात १८६७ मध्येच १९ एकरांवर चहा लावून ठेवला होता.

स्वातंत्र्य मिळालं (४ फेब्रुवारी १९४८) तेव्हाची स्थिती अशी: चहा, रबर, नारळ विकायचे आणि तांदूळ विकत आणायचा. १९५२ मध्ये चीनशी करार झाला तोही याच धर्तीवर, वर्षाला ५०,००० टन रबर द्यायचं आणि २,७०,००० टन तांदूळ घ्यायचा. १९५३ मध्ये रेशनच्या तांदळाचा भाव मापाला २५ सेंटवरून ७० सेंट केला, हरताळ पेटला आणि पंतप्रधान डडली सेनानायके यांना पायउतार व्हावं लागलं. तेव्हापासून तांदळाच्या भावाला हात लावताना तिथलं प्रत्येक सरकार दोनदा विचार करत आलं आहे. २०२१ मध्ये एका सरकारनं तो केला नाही आणि रासायनिक खतांची आयातच बंद केली.

तळी, चहा, खत, रोखे यातलं ज्याला जे ठाऊक त्यानं ते नेमकं लिहावं ही विनंती.

शेवंती

छान सुरुवात. एक शंका. तळी इतकी चांगली होती तर लोक तो भाग सोडून का गेले?

आडवाट

@शेवंती, एकच एक कारण नाही. चोळांची स्वारी, मग १२१५ मध्ये कलिंगाच्या माघाची स्वारी, तळी सांभाळणारी राजसत्ता आणि मठांची व्यवस्था मोडणं, आणि हिवताप. हिवताप आधी आला की तळी फुटून डबकी झाल्यावर आला, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. मात्र तो एकदा बसल्यावर पुन्हा वस्ती होऊ देत नव्हता हे नक्की.

गंमत अशी की १९३४-३५ ची सर्वांत भीषण साथ कोरड्या पट्ट्यातली नव्हती. त्या वर्षी नैर्ऋत्येचा पाऊस चुकला, एरवी खळाळत वाहणाऱ्या नद्यांच्या पात्रात डबकी राहिली आणि त्यांत डास वाढले. तिथल्या लोकांमध्ये प्रतिकारशक्ती नव्हती. सुमारे ८०,००० माणसं गेली. पुढे १९४० च्या दशकाअखेरीस डीडीटी आल्यावरच कोरड्या पट्ट्यात मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देश हिवतापमुक्त जाहीर केला.

या वसाहतींचं राजकारणही लक्षात घ्या. १९४९ मध्ये सुरू झालेल्या गल ओय प्रकल्पापासून पूर्वेकडे सिंहली शेतकरी वसवले गेले, तमिळ पक्षांनी त्याला लोकसंख्येचा डाव म्हटलं, आणि १९५६ ची पहिली मोठी दंगल तिथेच झाली. पाण्याचा पाट आणि वांशिक प्रश्न तिथे वेगळे काढता येत नाहीत.

पाटकरी

तळ्यांबद्दल मी लिहितो.

पहिली गोष्ट, तळं एकटं नसतं. एकाच ओढ्याच्या खोऱ्यात वरपासून खालपर्यंत माळेसारखी तळी असतात, तिला सिंहलीत 'एल्लंगाव' म्हणतात. वरच्या तळ्याचं पाणी त्याच्या खाचरांतून निथळून खालच्या तळ्यात येतं, तिथून पुन्हा खाचरांत. एकच पाणी चार-पाच वेळा वापरलं जातं. एफएओनं (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) २०१७ मध्ये या पद्धतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला.

आता एका गावतळ्याचे भाग वरून खाली बघा. सगळ्यात वर 'कुळुवेव', छोटं गाळतळं. त्याचं पाणी शेताला द्यायचंच नसतं, गाळ तिथे बसावा आणि गुरं-रानजनावरं तिथेच पाणी प्यावीत एवढ्यासाठी ते असतं. मग 'गसगोम्मन', म्हणजे पाणी जिथे पसरतं त्या काठावरची झाडांची रांग. वारा अडला की बाष्पीभवन कमी. तिच्या पायथ्याला 'पेरहन' हा गवताचा पट्टा, तो येणारी माती गाळून घेतो. नंतर तळं, त्याचा मातीचा भराव, भरावाला आतून लाटांपासून वाचवणारी दगडी पिचिंग ('रलपनाव'), एका टोकाला सांडवा. भरावाच्या बाहेर लगेच शेत नाही. मध्ये 'कट्टकाडुव' ही झाडाझुडपांची पाणथळ पट्टी, भरावातून झिरपणाऱ्या पाण्यातले क्षार तिथे अडतात. त्यापुढे खाचरं, आणि खाचरांच्या तळाशी खारं पाणी काढून देणारा 'किवुल एळ' हा नाला.

आधुनिक दुरुस्तीत कंत्राटदार नेमकं काय करतो? कट्टकाडुवची झाडी 'मोकळी जागा' म्हणून साफ करतो, मग दोन-चार हंगामांत वरच्या खाचरांत क्षार फुटतो. सांडव्याची उंची वाढवतो, कागदावर साठा वाढतो. पण जमीन सपाट, त्यामुळे पाणी खोल न होता पसरतं, गसगोम्मन बुडून मरतं आणि उन्हात जास्त पाणी उडतं. शिवाय माळेतल्या खालच्या तळ्याला यायचं पाणी वरच अडतं. गाळ काढताना जेसीबी मूळ चिकणमातीचा थर फोडून खाली मुरूम उघडा पाडतो, आणि तळं चाळणी होतं. एक तळं सुटं धरून दुरुस्त केलं की हे हमखास होतं. आपल्याकडे भंडारा-गोंदियाचे माजी मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिलेत त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

दुसरी गोष्ट, मोरी, म्हणजे तळ्याचं पाणी भरावाखालून बाहेर सोडायची वाट. छोट्या तळ्याची मोरी सोपी असते. पण भराव उंच आणि पाणी खोल असेल तर दाबानं मोरीतून सुटणारं पाणी भरावच खाऊन टाकतं. त्यावर उपाय 'बिसोकोटुव', भरावाच्या आतल्या बाजूला मोरीच्या वाटेत बांधलेली उभी चौकोनी विहीर. भिंती विटांच्या, आतून घट्ट बसवलेल्या दगडी फरशा. तळ्यातलं पाणी भुयारी वाटेनं विहिरीत येतं, तिथे त्याचा जोर मोडतो आणि तिथेच ते कमी-जास्त करता येतं, मग दुसऱ्या भुयारानं भरावाखालून बाहेर. ब्रिटिश पाटबंधारे खात्यातल्या हेन्री पार्करनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विहिरींची मोजमापं घेतली आणि त्या पाणी नियंत्रणासाठीच आहेत हे दाखवलं. आतली झडप लाकडी असणार, ती उरलेली नाही.

मादुरु ओय धरणाचं काम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चाललं होतं तेव्हा आधुनिक इंजिनियरांनी आखलेल्या जागेवरच प्राचीन भराव आणि मोरी सापडली. जागेची निवड दोघांचीही एकच!

तिसरी, कालव्याचा उतार. पाचव्या शतकात धातुसेन राजानं बांधलेल्या कलावेव या तळ्यातून अनुराधपुरच्या तिस्सवेव तळ्याकडे जाणारा योद एळ (जय गंगा) कालवा ८७ किमी लांब आहे. त्याच्या पहिल्या २७ किमीत उतार किमीला जेमतेम १० सेंमी. शिवाय त्याला बांध एकाच बाजूला आहे. वरची बाजू उघडी, म्हणजे वाटेतल्या चढावरचं पावसाचं पाणीही कालव्यातच येतं. हा कालवा म्हणजे खरं तर एक लांबट तळंच.

रानवारा

पाटकरी, जबरदस्त प्रतिसाद. पाणी कमी पडलं तर वाटप कसं? आपल्या खानदेशातल्या फड पद्धतीसारखं काही?

पाटकरी

@रानवारा, त्याला 'बेत्म' म्हणतात. हंगामाआधी सगळ्या खातेदारांची 'कन्न' बैठक होते. तळ्यात पाणी किती, पाट कधी सोडायचा, किती महिन्यांचं वाण लावायचं, हे तिथे ठरतं. पाणी सगळ्या लाभक्षेत्राला पुरणार नसेल तर फक्त भरावाजवळचा भाग कसायचा आणि तो तुकडा त्या हंगामापुरता सगळ्यांत, ज्याच्या त्याच्या हिश्शाच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. वरच्या शेताचा मालक 'माझं शेत' म्हणून अडून बसू शकत नाही. तळाच्या शेताला पाणी नेताना पाटात जे जिरतं तेही वाचतं. फडात आपण एका फडात सगळ्यांनी एकच पीक घेतो आणि पाणी फडाला देतो. बेत्ममध्ये जमीनच तात्पुरती फिरते. तत्त्व जवळचं, रीत वेगळी.

आपल्याकडे पाटकरी असतो तसा तिथे 'वेल विदाने' होता. १९५८ च्या भातजमीन कायद्यानं ते पद गेलं, समित्या आल्या. पाणी चोरणाऱ्याला जागेवर रोखणारा माणूस गेला, हे बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे.

बाकी तळ्याखालचं भात हे अर्धंच गाव. वरच्या कोरडवाहू रानात 'हेन', म्हणजे झाडोरा जाळून फिरती शेती, आणि तिथलं मुख्य पीक 'कुरक्कन'. ती आपली नाचणीच. तळं आटलं त्या वर्षी गाव जगायचं ते हिच्यावर.

कोरा_चहा

चहाकडे वळू या.

सिलोन चहा म्हणजे उंच डोंगरावरचा, ही समजूत अर्धवट आहे. वर्गवारी उंचीवरून होते: ६०० मीटरपर्यंत सखल, ६०० ते १,२०० मध्यम, त्यावर उंच. आज एकूण उत्पादनाच्या साधारण ६० टक्के चहा सखल भागातला आहे, गाल्ल, मातर, रत्नपुरकडचा. तो पिकवणारे मोठे मळेवाले नसून एक-दोन एकरवाले शेतकरी आहेत. कंपन्यांच्या मळ्यांचा वाटा निम्म्याहून बराच कमी. काळा, वळलेला, कडक सखल चहा इराक, तुर्कस्तान, रशिया, आखाती देश घेतात. नुवर एळियचा फिकट, सुगंधी चहा वेगळ्या गिऱ्हाइकांचा.

प्रक्रिया बहुतेक पारंपरिक, म्हणजे सीटीसी (पान चिरडून-फाडून दाणे करायची रीत) नाही. दोन पानं आणि एक कळी, साधारण आठवड्याच्या फेरीनं खुडायची. फेरी लांबली की पान जून होतं, चहात काड्या वाढतात आणि लिलावात भाव पडतो. कारखान्यात १२ ते १८ तास जाळीच्या लांब हौदांवर हवा खेळवून पान मऊ करायचं. ही पायरी घाईत उरकली तर पान रोलरमध्ये वळत नाही, तुटतं. मग वळणं, चाळणं, ओलसर गार खोलीत पसरून रंग चढू देणं, शेवटी गरम हवेनं वाळवणं. १०० किलो ओल्या पानाचा साधारण २१-२२ किलो चहा. नंतर चाळणीवर प्रत ठरते: ओपी, पेको, बीओपी, बीओपीएफ, डस्ट. या प्रती आकाराच्या आहेत, चवीच्या नव्हेत. आपल्याकडे दुकानात 'बीओपी म्हणजे भारी' असं सांगतात त्याला फारसा अर्थ नाही. आणि दूध घालून उकळायला हा चहा घेऊ नका, त्याला आपली सीटीसी पावडरच बरी.

हंगामाची मौज डोंगराच्या दोन बाजूंची आहे. पश्चिम उतारावर (दिंबुल) उत्तम चहा फेब्रुवारी-मार्चमध्ये, पूर्व उतारावर (ऊव) जुलै ते सप्टेंबरमध्ये. नैर्ऋत्य मोसमी वारा डोंगर ओलांडून कोरडा होऊन ऊवच्या बाजूला उतरतो, झाडावर ताण येतो आणि पानात मेथिल सॅलिसिलेट वाढतं. हेच द्रव्य सांधेदुखीच्या मलमात असतं. ऊवच्या चांगल्या चहाला तसा हलका थंड वास येतो, तो दोष नव्हे, त्याचेच पैसे पडतात. आडवाटांचा पावसाचा नकाशा असा कपात उतरतो.

कोलंबोचा चहाचा लिलाव १८८३ पासून चालू आहे. जगातल्या मोठ्या चहा लिलावांपैकी तो एक.

हिशेबनीस

+१. चहाचा आणखी एक व्यवहार: २०१२ मध्ये इराणकडून घेतलेल्या तेलाचे २५.१ कोटी डॉलर निर्बंधांमुळे देता येत नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये ठरलं की महिन्याला ५० लाख डॉलरचा चहा पाठवून ते फेडायचे. मळेवाल्यांना सरकार रुपये देणार, चहा इराणला.

शेवंती

आणि मळ्यावरचे मजूर? त्यांचं कुणी लिहिलं नाही.

कोरा_चहा

बरोबर आहे, राहून गेलं. कॉफीच्या काळापासून मद्रास इलाख्यातून तमिळ मजूर 'कंगाणी' या मुकादमांमार्फत आणले गेले. मुकादम उचल द्यायचा, ती मजुरीतून कापली जायची, आणि कर्ज फिटेपर्यंत मळा सुटत नसे. राहायला 'लाइन', दहा बाय बारा फुटांच्या खोल्यांची चाळ. त्यांतल्या बऱ्याच आजही वापरात आहेत.

१९४८ च्या नागरिकत्व कायद्यानं सुमारे सात लाख जणांचं नागरिकत्व आणि पाठोपाठ मताधिकार गेला. १९६४ च्या सिरिमा–शास्त्री करारात ५,२५,००० भारतानं आणि ३,००,००० सिलोननं घ्यायचे ठरले. उरलेल्या १,५०,००० चा निकाल १९७४ मध्ये निम्मे-निम्मे असा लागला. सगळा गुंता सुटायला २००३ चा कायदा यावा लागला. जाफन्याचे तमिळ आणि मळ्यांवरचे तमिळ हे दोन वेगळे समाज आहेत, बातम्यांत ते सर्रास एक केले जातात. रोजची मजुरी १,००० रुपये व्हायला २०२१ उजाडलं, आणि ती पूर्ण हवी तर १८-२० किलो पान खुडायचं. ओल्या, उतरत्या जमिनीवर, जळवांसकट.

खलाशी

बाकी सगळं ठीक, पण दक्षिण किनाऱ्यावरचं हंबनटोटा बंदर कर्ज न फेडल्यामुळे चीननं बळकावलं हे तर खरं आहे ना? मूळ मुद्द्याला बगल नको.

हिशेबनीस

@खलाशी, बगल नाही, पण व्यवहार नीट बघा.

पहिल्या टप्प्याचं कर्ज २००७ चं, चीनच्या एक्झिम बँकेचं, ३० कोटी ७० लाख डॉलर, ६.३ टक्के व्याज. बंदर २०१० मध्ये सुरू झालं आणि तोट्यात गेलं, कारण मागे कारखाने नाहीत, पुढे माल नाही, आणि कोलंबो बंदर असताना तिथे उतरवायला कुणाला कारण नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ते एका चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेकरारानं दिलं, १.१२ अब्ज डॉलर आले. हे पैसे त्या कर्जात वळते झाले नाहीत. ते परकीय गंगाजळीत गेले आणि बंदराचं कर्ज सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. म्हणजे 'कर्जाच्या बदल्यात बंदर' असा सौदा नव्हता, डॉलरची चणचण होती म्हणून मालमत्ता भाड्यानं दिली. दुसऱ्या कारणानं हा व्यवहार वाईट म्हणा, माझी हरकत नाही.

चणचण कशाची होती? २००७ मध्ये श्रीलंकेनं पहिल्यांदा ५० कोटी डॉलरचे सार्वभौम रोखे (सरकारनं परदेशी बाजारात विकलेले कर्जरोखे) विकले, ८.२५ टक्क्यांनी. नंतर ती सवयच लागली. २०२१ मध्ये सरकारच्या विदेशी कर्जात बाजारातल्या कर्जाचा वाटा सुमारे ४७ टक्के होता. आशियाई विकास बँक १३, चीन १०, जपान १०, जागतिक बँक ९, भारत २. सरकारी उपक्रमांना दिलेली कर्जं धरली तर चीनचा वाटा २० च्या आसपास जातो. रोख्यांचं वैशिष्ट्य म्हणजे मुद्दल हप्त्यांनी नाही, एका दिवशी एकरकमी द्यायची. नवे रोखे विकून जुने फेडायचे. बाजार बंद झाला त्या दिवशी गाडी थांबली.

खलाशी

ठीक, भाडेकराराचा मुद्दा मान्य. पण मग बाजार बंद का झाला?

हिशेबनीस

क्रमानं सांगतो.

एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरचे बॉम्बस्फोट. २०१८ मध्ये २३ लाखांवर पर्यटक आणि ४.४ अब्ज डॉलर आले होते, त्याला खीळ बसली. डिसेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारनं व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, नोंदणीची मर्यादा वर्षाला १.२ कोटी रुपयांच्या उलाढालीवरून ३० कोटींवर नेली. दर कमी केला त्याहून ही मर्यादा घातक ठरली, कारण करदातेच यादीतून गेले. महसूल जीडीपीच्या १२ टक्क्यांच्या वर होता तो २०२१ पर्यंत ८ च्या आसपास. २०२० मध्ये कोविड आणि पाठोपाठ पतमानांकन घसरलं. रोख्यांचा बाजार तिथेच बंद.

मग आणखी एक चूक, रुपया डॉलरमागे २००-२०३ ला बांधून ठेवणं. उंडियल, म्हणजे आपली हुंडी, त्याहून बराच चढा भाव देत होती. आखातातल्या कामगारांनी बँकेतून पैसे पाठवणं सोडलं. २०२० मध्ये ७.१ अब्ज डॉलर आले होते, २०२१ मध्ये ५.५, २०२२ मध्ये ३.८. डॉलर देशात येत होते, फक्त बँकेत येत नव्हते. बँकांकडे डॉलर नाहीत म्हणून आयातीच्या एलसी (माल विकणाऱ्याला बँकेनं द्यायची पैशाची हमी) उघडेनात, बंदरात डाळ आणि दूधपावडरचे कंटेनर अडकले, गॅसची जहाजं पैशाची वाट बघत नांगरून पडली.

जानेवारी २०२२ मध्ये तरीही ५० कोटी डॉलरचे रोखे फेडले! तेवढ्यावर काही आठवड्यांचं इंधन आलं असतं. २०१९ अखेर ७.६ अब्जांची गंगाजळी मार्च २०२२ मध्ये २ अब्जांच्या खाली होती, आणि त्यातले दीड अब्ज चीनशी केलेल्या चलनाच्या अदलाबदलीचे (स्वॅप), वापरायला जवळजवळ निरुपयोगी. ७ मार्चला रुपया सोडला, दोनेक महिन्यांत तो ३६० वर. १२ एप्रिलला विदेशी कर्जाची परतफेड थांबवली. सप्टेंबरमध्ये महागाई ६९.८ टक्के, खाद्यपदार्थांची ९४.९.

गाळपेर

खताचा मुद्दा यात बसवायला हवा, कारण 'सेंद्रिय शेतीनं लंका बुडवली' आणि 'सेंद्रियचा काही संबंध नाही' अशी दोन्ही टोकं ऐकू येतात.

रासायनिक खतं आणि कीटकनाशकं-तणनाशकं बंद करून देश सेंद्रिय करायचा, हा निर्णय एप्रिल २०२१ अखेरीस, मे मध्ये आयातबंदीचं राजपत्र. खतावरचे डॉलर वाचवणं हा हेतू उघड होता. आता हिशेब करा. भाताला हेक्टरी १०० किलो नत्र लागतं असं धरा. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे २१७ किलो, साडेचार गोण्या. चांगल्या कंपोस्टमध्ये दीड टक्का धरला तर साडेसहा टनांच्या वर, आणि त्यातलं नत्र एका हंगामात सगळं मोकळं होत नाही. महाची लागवड साधारण साडेसात लाख हेक्टर. म्हणजे पन्नास लाख टन कंपोस्ट, पाच महिन्यांत, तेही तयार, वाहून नेऊन, शेतात पसरून. इतकी गुरं देशात नाहीत आणि शेण गोळा करायची व्यवस्थाही नाही. बाहेरून मागवलेल्या सेंद्रिय खताच्या जहाजात घातक जिवाणू सापडले म्हणून ते परत पाठवलं, आणि कराराच्या भांडणात त्याचे ६७ लाख डॉलर तरीही द्यावे लागले.

दुसरी तांत्रिक चूक, तणनाशकंही त्याच फटक्यात बंद. पेरभातात तण पहिल्या महिन्यात आवरलं नाही तर नंतर खत देऊनही उपयोग नसतो. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली तेव्हा महाची पेरणी झालेली होती, जागतिक बाजारात युरिया महागला होता, आणि खरेदीला डॉलर नव्हते. भात २०२१ मध्ये ५१ लाख टन, २०२२ मध्ये ३४ लाख.

चहाला फटका उशिरा बसला, कारण झाड साठवणीवर काही महिने काढतं. २०२१ मध्ये २९.९ कोटी किलो, २०२२ मध्ये २५.१ कोटी. म्हणजे खतात वाचवले त्याहून जास्त डॉलर तांदूळ आयातीत आणि चहाच्या घटीत गेले. आडवाटांनी म्हटलेल्या दोन्ही वह्यांत एकाच वर्षी खाडाखोड.

पण दिवाळं खतामुळे निघालं असं म्हणू नये. रोख्यांच्या तारखा आधीच ठरलेल्या होत्या. खतामुळे एवढंच झालं की एरवी स्वतःच्या खाचरावर तगणारा शेतकरीही रांगेत आला.

रानवारा

रांगेवरून आठवलं, इंधनाचा क्यूआर पास हा प्रकार चालला म्हणतात. कसा?

हिशेबनीस

चालला. जुलै २०२२ मध्ये आणला. वाहन क्रमांक नोंदवायचा, एक क्यूआर मिळतो, पंपावर तो वाचून आठवड्याच्या कोट्यातून लिटर वजा होतात. सुरुवातीला दुचाकीला ४, रिक्षाला ५, मोटारीला २० लिटर. दोन-दोन दिवसांच्या रांगा गेल्या त्या इंधन वाढलं म्हणून नाही, एकच गाडी पाच पंपांवर टाकी भरून साठा करू शकेना म्हणून. दुसरीकडे भारताकडून उधारीवर इंधन, औषधं, धान्य मिळून वर्षात सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत आली. नाणेनिधीचा ३ अब्जांचा कार्यक्रम मार्च २०२३ मध्ये मंजूर झाला, रोख्यांची अदलाबदल डिसेंबर २०२४ मध्ये उरकली.

शेवंती

थोडं अवांतर. दालचिनी लंकेची की चीनची हे घरी कसं ओळखायचं?

कोरा_चहा

@शेवंती, सोपं आहे. कांडी टोकाकडून बघा. लंकेची कांडी म्हणजे कागदासारख्या पातळ सालींचे बरेच थर, एकात एक घालून विडीसारखे वळलेले, रंग फिकट तपकिरी, बोटांनी चुरते. जाड, एकाच सालीचा, दोन्हीकडून आत वळलेला कडक तुकडा असेल तर तो कॅशिया, म्हणजे चिनी दालचिनी. आपल्या बाजारात 'दालचिनी' म्हणून मिळते ती बहुतेक हीच. तिच्यात कुमारिन (जास्त झालं तर यकृताला त्रास देणारं द्रव्य) बरंच जास्त, म्हणून रोज पूड खाणाऱ्यांनी फरक बघावा. मसालेभातात कॅशियाच खमंग लागते, ते वेगळं.

लंकेत दीड-दोन वर्षांच्या फांद्या पावसानंतर तोडतात, साल ओली असेपर्यंतच सुटते. वरची खरबरीत कातडी खरवडायची, पितळी दांडीनं घासून आतली साल सैल करायची, मग अखंड सोडवायची. ती सावलीत दोरीवर वाळवतात, उन्हात वाळवली तर वाकडी होते. कांडीची ठरलेली लांबी ४२ इंच. प्रत जाडीवरून: सर्वांत बारीक 'अल्बा', व्यास ६ मिमीच्या आत, मग कॉन्टिनेंटल, मेक्सिकन, हॅम्बर्ग. २०२२ मध्ये युरोपीय संघानं 'सिलोन दालचिनी'ला भौगोलिक मानांकन दिलं. सोलणारे कुशल हात कमी होत चाललेत ही त्या धंद्याची आजची खरी अडचण. हे काम पूर्वापार सलागम जातीकडे होतं, आता पुढची पिढी त्यात यायला तयार नाही.

पाटकरी

वरच्या माझ्या प्रतिसादात एक भर. तळ्यांचं सगळं वर्णन जाफन्याला लागू नाही, हे लिहायचं राहिलं. तिथे चुनखडी आहे, बारमाही नदी एकही नाही, तळी छोटी. शेती विहिरींवर: कांदा, मिरची, तंबाखू. चुनखडीत गोड पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. पंप मोठा लावून जोरात उपसा केला की खालचं खारं पाणी वर येतं, आणि विहीर एकदा खारट झाली की एक-दोन पावसाळ्यांत सुधारत नाही. पूर्वी पाणी काढायला विहिरीवर खांबावर तोललेला लांब लाकडी दांडा असे, उपसा आपोआप बेतानं व्हायचा. तिथल्या पाण्यावर वेगळा धागा निघाला तर लिहीन.